संक्रांतीला येत नाहीये, पण आधी पूर्ण वाचा

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबांनी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला असता, म्हणून लिहितेय. आम्ही संक्रांतीला पुण्याला येत नाहीये. तिकिटं पुढची काढून झालीयेत. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं हे आई तूच सांगतेस, त्यामुळे हलव्याचे दागिने घट्ट डब्यात ठेव, मुंग्या लागू देऊ नकोस, त्याआधी नक्की येतो.

झालं असं की निघालो होतो फक्त नारकंड्यापर्यंत, पिल्लूला बर्फ दाखवायला. तिने बघितला, खाऊनपण बघितला (थोडासाच!) आणि शिमल्याकडे परत वळायचं तर समोर पाटीवर रामपूर दिसलं, मी तुमच्या जावयांना म्हटलं, गाडी खाली घे. त्यांनी कारण विचारलं नाही, हे मुद्दाम सांगतेय.

हो, झाकडीला गेलो, बाबांच्या जुन्या वीजप्रकल्पावर. बाबा, चिडू नका. रस्त्याचं टेन्शनही घेऊ नका, बर्फ सगळा वर कुफरी-नारकंड्याकडे, आणि तिथेही ऊन चढल्यावरच गाडी काढली कारण सकाळी सावलीतल्या वळणांवर पाणी गोठून डांबर निसरडं झालेलं असतं. सतलजच्या काठी उतरलं की साध्या स्वेटरवर फिरता येतं. पिल्लूला तरी मी दोन घातले होते.

आपल्या क्वार्टरच्या खिडकीत दुसऱ्या कुणाचे कपडे वाळत होते. आत नाही गेले. बाकी सगळं नीट आहे, खरंच. तो 27 किलोमीटरचा बोगदा, ज्यात गरम पाणी लागलं होतं आणि मला वाटायचं बाबा रोज तिथूनच आंघोळ करून येतात, त्यातून आलेलं पाणी टर्बाईन फिरवून झालं की पुढे परत एका बोगद्यात घालतात, रामपूर प्रकल्पासाठी, त्यावर अजून 412 मेगावॅट. तुमचं पाणी दोनदा कामाला लागतंय बाबा. पहिलं युनिट 2003 मध्ये सुरू झालं तेव्हा आपण तिथे नव्हतो, पण खणलंय तुम्हीच. नदी मात्र ओळखू आली नाही, हिरवी, इतकीशी. 2000 च्या ऑगस्टमध्ये हीच पॉवर हाऊसमध्ये शिरली होती हे जावयांना पटेचना. त्या रात्रीचं त्याहून जास्त काही मी बोलले नाही.

आता ज्युरीवरून वर सराहनला येऊन थांबलोय. रूममध्ये हीटर आहे, रजया दोन-दोन आहेत, गरम पाणी बादलीने आणून देतात, पिल्लू राजमा-भात पोटभर खाऊन झोपली. आई, तू त्या रात्री इथल्या भीमाकाली देवीला काय बोलली होतीस ते मला माहितीये, तुला वाटायचं मी झोपलेय. मग सामान बांधून आपण निघालो आणि ते राहिलंच. मी उद्या ओटी भरतेय. खण इथे कुठला मिळणार, रामपूरच्या बाजारात साडी घेतली, नारळ मिळाला, तांदूळ आहेत. तुझ्या गुडघ्यांनी आता इथे येणं व्हायचं नाही असं मी म्हणत नाहीये हं, फक्त थांबायचं कशाला. देवळात पुरुषांना डोकं झाकावं लागतं म्हणून जावयांनी हिरव्या पट्टीची टोपी घेतली, तशीच बाबांना घेतलीये. घालायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, कपाटात ठेवलीत तरी चालेल.

आणि आता ऐका. माळ्यावरचा तिळाचा डबा काढायला दोघांपैकी कुणीही स्टुलावर चढायचं नाही, वॉचमनच्या मुलाला बोलवा. तिळगूळ शेजारून येईल, घरी घाट घालू नका. बाबा, सकाळची गोळी चहाच्या आधी, आणि बीपीचा आकडा वहीतला फोटो काढून पाठवा, "नॉर्मल आहे" असं नको.

तुमची,
मनू