विषय: फोटोवरची ‘माघ, शके 1879’ ही नोंद

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. माझी प्रकृती ठीक आहे, गुडघाही आता त्रास देत नाही. पत्राचे कारण असे, की आपल्या फोटोसंग्रहाचा डेटाबेस मांडताना एक अडचण आली आहे आणि ती तुझ्याखेरीज कोणाला समजणार नाही.

आप्पांच्या पेटीतला वाड्यातल्या मुंजीचा फोटो घे. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने ‘माघ, शके 1879’ एवढेच लिहिले आहे, तिथी नाही. म्हणजे तो जानेवारी-फेब्रुवारी 1958 मधला. पण तारखेच्या कॉलमला पुरा दिवस लागतो, आणि 1 जानेवारी लिहावे तर तो पौषात येतो; पौषात मुंज कोण लावेल! स्कॅन केलेल्या फाइलवर तर स्कॅनिंगचीच तारीख आहे. पुढे मुले हा संग्रह ऑनलाइन पाहतील, तेव्हा आप्पांची नोंद कोणती आणि आपला अंदाज कोणता हे त्यांना कळलेच नाही, तर सगळ्या खटाटोपाला अर्थ राहणार नाही. म्हणून मी ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन कॉलम केले असून पाठीवरचा मजकूर जसाच्या तसा तिसऱ्यात ठेवला आहे.

फोटोच्या टेबलातच अल्बमचा क्रमांक ठेवावा, हा तुझा गच्चीवरचा हट्ट मला आजही मान्य नाही. हाच फोटो ‘मुंजी’तही हवा आणि ‘वाडा’तही. तेव्हा फोटो आणि अल्बम जोडणारे टेबल वेगळेच हवे, आणि अल्बममधला अनुक्रमही त्यातच असावा. मूळ फाइल फोल्डरमध्ये राहील. डेटाबेसात तिचा पत्ता आणि एसएचए-256 चा, म्हणजे फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेला, 64 अक्षरी ठसा ठेवू, म्हणजे तीच फाइल पुन्हा चढवली तर लगेच लक्षात येईल.

माणसांचे काम याहून नाजूक आहे. आत्याचे नाव लग्नात बदलले; माहेरचे नाव शोधा की सासरचे, तीच सापडली पाहिजे. त्यामुळे व्यक्तीला एक कायमचा क्रमांक दिला आहे आणि नावांचे टेबल निराळे केले आहे.

नव्या घराचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार, मुलीच्या निकालाचे कळव.

एक काम कर. माईंना मुंजीची तिथी विचार. त्यांनी सांगितली तर ती त्यांच्या नावानिशी वेगळी नोंदव. पाठीवरच्या मजकुराच्या कॉलमला मात्र हात लावू नकोस.

तुझा,
विनय