केदारकुंडावरच्या कणीसवाल्या नानांना

नाना,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून नुसतंच नाना. श्रावणातल्या त्या रविवारी पाटणादेवीला केदारकुंडाच्या वाटेवर कणसांची पाटी घेऊन बसला होतात तुम्ही. मी तो कॅमेरावाला. कुंडात डुंबत होता तो माझा भाचा, वय 11.

चाळीसगावहून येताना मी त्याला मोठ्या ऐटीत भास्कराचार्य सांगत होतो. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवानं इथं मठ काढला, 13व्या शतकातला त्याचा शिलालेख पाटण्यालाच सापडला, वगैरे. असा हा शहाणा मामा! धबधब्याचं पाणी फोटोत दुधासारखं दिसावं म्हणून ट्रायपॉड लावून शटर संथ ठेवलं होतं. पडद्यावर पाणी चहासारखं दिसायला लागलं, तर मी व्हाइट बॅलन्स बदलत बसलो. पाणीच गढूळ झालंय हे डोक्यातच आलं नाही. आमच्या डोक्यावर तर लख्ख ऊन होतं.

तुम्ही मात्र ओरडलात, “निंघा भाऊ, वर पानी पडनं!”

पुढचं काय सांगू? लोंढा आला आणि तुम्ही पोराला दंडाला धरून वर ओढलंत, एवढंच मला धड आठवतं. खाली गाडी लावायचे पैसे घेणाऱ्याला मी विचारलं होतं, पाणी कसं आहे? “बिनधास्त जा,” म्हणाला होता. आणि वरच्या खडकावर सहा-सात धडधाकट तरुण मोबाइल धरून उभे होते. त्यांचा व्हिडिओ छान आला असेल.

पण पत्र लिहितोय ते नंतरच्या गोष्टीसाठी. पोरगा थरथरत होता, नजर पाण्यावरून हलेना. मी आपला त्याच्यावरच खेकसत होतो. तुम्ही त्याला पाण्याकडे पाठ करून बसवलंत, पाटी पुढ्यात सरकवलीत आणि म्हणालात, “पोऱ्या, इतलं सोली दे माले, माना हात वल्ला शेतस.” तो सोलायला लागला. पहिल्या कणसाची सालं नीट निघेनात, बोटं घसरत होती. तिसऱ्यापर्यंत कणसाचे केस बोटाला गुंडाळून खेळायला लागला. तुमचे हात तर केव्हाच धोतराला पुसून झाले होते, ते मी बघितलं.

अशी माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. नाना म्हणायचं, कणीस घ्यायचं आणि पुढं जायचं, एवढीच त्यांची आपली ओळख.

निघताना मी पैसे देऊ केले, तर तुम्ही दोनच कणसांचे घेतलेत. पोराच्या कणसाचे नाही. म्हणालात, “ती त्यानी मजुरी शे.”

भाचा घरी आल्यापासून पुराचं कोणालाच सांगत नाही. येईल त्याला एकच ऐकवतो, मी काम केलं आणि कणीस कमावलं.

तुमचा,
कॅमेरावाला भाऊ