आधी सगळ्यांची जेवणं, मग आत्यांचं

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उतारवयातल्या बायकांचा आहार आणि आमवात यावर आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख कळकळीनं लिहिलेला होता, पण त्यातलं ताट आमच्या घरातलं नव्हतं. ऑलिव्ह तेल आणि सालमन मासा कोरेगाव तालुक्यातल्या म्हातारीनं कुठून आणायचा? आणि ती काय खाणार हे मुळात ती ठरवतच नाही, हे लेखात कुठंच आलं नाही. म्हणून हे पत्र.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. वय ६७. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर कासार दारात आला. साबण लावून झाला, पदर गुंडाळून झाला, पण आत्यांच्या हातात बांगडी चढेना. दोन्ही हातांच्या बोटांची मुळं आणि मधली पेरं टरारून फुगलेली. "मावशी, हात कवापासनं सुजलाय?" हे त्या कासारानं विचारलं. आम्ही तो हात रोज बघत होतो आणि कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. सकाळी उठल्यावर तासभर त्यांची मूठ वळत नव्हती. भाकरी बोटांनी थापता येईना म्हणून त्या तळहाताच्या कडेनं थापत होत्या. भाकरी एका बाजूला जाड व्हायला लागली, तरी आम्हाला वाटलं, वय झालं.

पुढचे आठ महिने बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या पुड्यांवर गेले. पुडी घेतली की दोन दिवस बरं वाटायचं. पुडीत काय आहे हे देणाऱ्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं, हे रक्तातली साखर वाढल्यावर डॉक्टरांकडून कळलं. आमवात ओळखण्यासाठी रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी अशा दोन गोष्टी तपासतात, त्या दोन्ही पॉझिटिव्ह आल्या. गुडघ्यांच्या झिजेचा जो संधिवात घरोघरी दिसतो तो म्हणजे आमवात नव्हे. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दुपटी-तिपटीनं जास्त होतो.

डॉक्टरांनी विचारलं, जेवता काय? आत्या म्हणाल्या, "समदं खाती की." घरी आल्यावर मी आठवडाभर वहीत लिहून ठेवलं. सकाळी चहा आणि बटर. दुपारी सगळ्यांचं उरकल्यावर उरलेली चपाती आणि आमटीचं पाणी. भाजी डब्यांत गेलेली, दूध नातवंडांना. रात्री "भूक न्हाय" म्हणून पुन्हा चहा-बटर. सात दिवसांत पालेभाजी दोनदा, फळ एकदाही नाही. शेजारणींनी वातूळ म्हणून सांगितल्यापासून डाळी, वांगं आणि आंबट सगळंच बंद. म्हणजे आधीच उपाशी असलेल्या ताटातून आणखी काढून घेतलेलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. आमच्या वहीत आठवड्याची बेरीजही तिथवर पोचत नव्हती.

ज्या अमेरिकी अभ्यासाचा लेखात ओझरता उल्लेख होता, तो नीट सांगायला हवा होता. तिथल्या दीड लाखाहून जास्त परिचारिकांच्या खाण्याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या आणि त्यावरचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अख्खं धान्य, भाज्या, फळं, कडधान्यं, दाणे जास्त आणि गोड पेयं, लाल मांस, मीठ कमी, असा ज्यांचा आहार होता, त्यांच्यात पंचावन्नीपर्यंत होणाऱ्या आमवाताचं प्रमाण साधारण एक तृतीयांशानं कमी दिसलं. पंचावन्नीनंतर सुरू होणाऱ्या आजारात मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे हा सल्ला नुसता सासवांसाठी नाही, आज चाळिशीत असलेल्या आम्हा सुनांसाठी जास्त आहे. त्याच परिचारिकांवरच्या २०१४ च्या अभ्यासात रोज बाटलीबंद गोड सोडा पिणाऱ्यांमध्ये रक्ततपासणी पॉझिटिव्ह येणारा आमवात जास्त आढळला आणि पंचावन्नीनंतर तो संबंध अधिक घट्ट होता. पाहुणा आला की थंड्याची बाटली आणणाऱ्या घरांनी हे वाचावं.

त्या यादीतलं बरंचसं आपल्या शिवारात आहेच. ज्वारी आहे, हुलगा-मटकी आहे, जवसाची आणि कारळ्याची चटणी आहे, पावसाळ्यात चिघळ, पाथरी, तांदुळजा बांधावर फुकट मिळतो. आमचा वाघ्या घेवडा तर भौगोलिक मानांकन मिळालेला. पण आम्ही तो पोत्यानं विकतो आणि पिकवणाऱ्या बाईच्या ताटात उसळ पडत नाही. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे.

आता आत्या आमच्याबरोबर जेवायला बसतात. पहिले पंधरा दिवस बसल्याच नाहीत. "तुमी जेवा, मला काय घाई हाय?" शेवटी मी सगळ्यांच्या आधी त्यांचंच ताट वाढायला लागले. सूज उतरली ती औषधानं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आहार सुधारला म्हणून गोळ्या सोडायच्या नसतात. पण अशक्तपणा कमी झाला, चेहऱ्यावर टवटवी आली, आणि भाकरी पुन्हा सगळीकडून सारखी व्हायला लागली.

आपणाला दोन विनंत्या. पुरवणीत आमच्या भागातल्या धान्याचा, भाज्यांचा आहार सांगणारा एखादा लेख तज्ज्ञांकडून लिहून घ्या. आणि आमवातावर देतात ती मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नव्हे, हे मोठ्या अक्षरात छापा. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, आणि पाकिटावरचं बारीक इंग्रजी आमच्या आत्यांसारख्या बायकांना वाचता येत नाही. आम्ही घरच्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी कुंकवाचा टिपका लावून ठेवलाय.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)