विमान जुने होते, पण पडले कार्बोरेटरच्या जेटमुळे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या विमानांवरचा लेख मन लावून वाचला. हॉलिवूड अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्या २०१५ मधल्या विमान अपघाताला मात्र त्यात एकच ओळ आली आहे, आणि तीही विमानाच्या वयावर खापर फोडणारी. हवाई दलात इंजिन फिटर म्हणून उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला ते खटकले.

विमान होते रायन पीटी-२२, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिकांना शिकवण्यासाठी बनवलेले. फोर्ड स्वतः ते चालवत होते. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाहून उड्डाण करताच इंजिनाची ताकद गेली. धावपट्टीकडे परतण्याइतकी उंची उरली नव्हती, म्हणून फोर्ड यांनी गोल्फच्या मैदानावर विमान उतरवायचे ठरवले आणि वाटेत झाडाच्या शेंड्याला धडक बसली. चौकशीत निघाले काय? कार्बोरेटरमधला, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातला, पेट्रोल मोजून सोडणारा मुख्य जेट आपोआप ढिला होऊन फिरला होता. पेट्रोल जास्त जाऊ लागले आणि इंजिन गुदमरले. कार्बोरेटर सुमारे १७ वर्षांपूर्वी उघडून दुरुस्त केलेला, पण त्यानंतर तो जेट घट्ट आहे का हे अधूनमधून पाहावे, असे देखभालीच्या सूचनांत कुठेच लिहिलेले नव्हते.

जेट म्हणजे काय हे पुणेकरांना सांगायला नको. जुन्या स्कूटरचा तो पितळी, मधोमध बारीक भोक असलेला स्क्रू आपण सगळ्यांनीच कधी ना कधी फुंकून साफ केला आहे. माझा एकदा बंडगार्डनच्या पुलावर सुटला. काळा धूर, ओला प्लग, आणि मागे हॉर्नची बोंब. आवळला मीच होता, त्यामुळे शिव्याही स्वतःलाच दिल्या. फरक एवढाच, की पुलावर स्कूटर कडेला ढकलत नेता येते.

बिदरला आम्ही एचटी-२ वर काम करायचो. डॉ. वि. मा. घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली बनलेले आणि १९५१ मध्ये प्रथम उडालेले हे आपले प्रशिक्षण विमान. त्याचे इंजिनही पीटी-२२ सारखेच, दीडशेच्या आसपास अश्वशक्तीचे. तिथे नट आवळला की तो फिरू नये म्हणून लॉकवायर, म्हणजे बारीक तार, ओवायची आणि वर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका तुटलेला दिसला की नट हलला. आमचे सार्जंट त्या ठिपक्यावर बोट ठेवूनच सही करायचे. तरीही ठिपका दिसतो बाहेरच्या नटावर. कार्बोरेटरच्या पोटातला जेट उघडल्याशिवाय दिसत नाही. म्हणून तो कधी उघडायचा, हे वहीत लिहिलेले हवे.

चौकशीतली दुसरी गोष्ट लेखात आलीच नाही. खांद्याचा पट्टा आसनाच्या पाठीला जोडलेला होता आणि तिथे पुरेसा आधार दिलेला नव्हता. जोडणी धडकेत टिकली नाही आणि दुखापत वाढली. आपल्याकडे व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीत चकचकीत रंगाचे, क्रोमच्या बंपरचे कौतुक होते. जुन्या जीपला हौसेने लावलेला पट्टा नुसत्या पातळ पत्र्यात बोल्ट मारून बसवलेला मी स्वतः पाहिला आहे. मागे वॉशरसुद्धा नव्हता. मालकाला दाखवले तर म्हणाले, "काका, ही काय पळवायची गाडी आहे का?"

पुढच्या रॅलीला आपला छायाचित्रकार जाईल तेव्हा एक फोटो सीटच्या मागच्या बोल्टचाही काढायला सांगा.

आपला,
एक निवृत्त इंजिन फिटर, धानोरी, पुणे