तात्यांची बंदूक मुंबईला आणू नका

मुलुंड, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा जेवताना विषय निघाला आणि बाबा, तुम्ही अर्ध्या ताटावरून उठून बाल्कनीत गेलात. फोनवर काढला की फोन आईच्या हातात देता. म्हणून लिहितेय. पत्र तुम्ही अर्ध्यात सोडत नाही. पलटणीत असताना आईचं एकेक पत्र चार-चारदा वाचायचात, हे तिनंच सांगितलंय.

तात्याकाका गेल्यापासून त्यांची एकनळी गावाकडच्या पोलीस ठाण्यात जमा आहे. काकूंनी आणि त्यांच्या पोरांनी ना-हरकत लिहून द्यायचं कबूल केलंय आणि तुम्ही ती आपल्या परवान्यावर चढवून वरळीला आणायचं म्हणताय. कायद्यानं चालतं, ते मी बघून घेतलं. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीआधी एका परवान्यावर तीन बंदुका ठेवता यायच्या, आता दोन ठेवता येतात, आणि वारसानं आलेलीही त्या दोनांतच धरतात. तुमची दुनळी एक, तात्यांची दुसरी. कागद तुमच्या बाजूनं आहेत. तरीही मी हात जोडून सांगते, ती आणू नका.

तुमच्या पहिल्या बंदुकीबद्दल माझ्या मनात काडीचाही राग नाही, हे आधी सांगते. तिनं आपल्याला जेवू घातलंय. सैन्यातून आलात तेव्हा हातात पेन्शन आणि आजोबांची चाळीतली खोली, एवढंच होतं. गनमॅनची नोकरी ज्याच्याकडे स्वतःची परवान्याची बंदूक त्यालाच मिळायची, म्हणून आईच्या पाटल्या मोडून ती बाराबोअर घेतलीत. बावीस वर्षं फोर्टातल्या बँकेच्या दारात उभे राहिलात आणि माणसावर एकदाही बार काढला नाही. "बंदूक दाखवायला असते, झाडायला नाही," हे मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की माझ्या पोरांनाही ते पाठ आहे.

आई, आता जे लिहितेय ते तुला आज पहिल्यांदा कळणार आहे. बाबा, माफ करा. तुम्ही दादाला आणि मला शपथ घातली होतीत, ती मी मोडतेय. पण हे सांगितल्याशिवाय माझं म्हणणं तुम्हाला कळायचं नाही.

मी चौथीत होते. जुलै महिना, बाहेर कोसळत होतं. तू आजीला घेऊन दवाखान्यात गेली होतीस. बाबा ड्यूटीवरून भिजून आले, बंदूक कॅनव्हासच्या कव्हरातून काढून पुसली आणि खाटेखालच्या लांब पेटीत ठेवली. तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली, नळाजवळ कोणीतरी पाय घसरून पडलं होतं. बाबा तसेच धावले. पेटीला कुलूप लावायचं राहिलं. दादानं बंदूक काढली. मी खाटेवर बसले होते, दप्तर मांडीवर. त्यानं बाबांसारखा दस्ता खांद्याला लावला, अंगठ्यानं सेफ्टी पुढे सरकवली, माझ्याकडे नळ्या धरल्या आणि पुढचा चाप ओढला. खट् झालं. आम्ही दोघंही हसलो.

बाबा दारात उभे होते. त्यांनी काही न बोलता बंदूक त्याच्या हातातून घेतली आणि बिजागरीवर मोडून उघडली. उजवी नळी रिकामी होती. डाव्या नळीत लाल काडतूस होतं. पावसाळी हवेनं कागदी काडतूस फुगून अडकलं होतं, ड्यूटी संपताना ते निघालं नव्हतं, घरी येऊन गजानं ढकलून काढायचं होतं. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. दादाचं बोट पुढच्या चापावर होतं.

बाबा, तुम्ही ते काडतूस काढलंत, खिशात टाकलंत आणि बाहेर कॉमन गॅलरीत जाऊन कठड्याला धरून कितीतरी वेळ उभे राहिलात. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तुम्ही बंदूक मोडून बल्बकडे धरायचात आणि आम्हा दोघांना बोलवायचात. "दिसतो का दिवा? दोन्हीतून दिसतो का?" दोन्ही नळ्यांतून दिवा दिसला, आम्ही दोघांनीही "दिसतो" म्हटलं, की मगच पेटीला कुलूप. तेव्हाच तुम्ही बारा बोअर म्हणजे काय ते सांगितलंत. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर त्यातला एक जेवढा होईल तेवढं नळीचं तोंड. मला ते गणित अजून आठवतं, कारण सांगताना तुमचा आवाज कापत होता.

तुमच्यासारखा शिस्तीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या तुमच्या हातूनही एका बंदुकीत एकदा चूक झाली. तेव्हा तुम्ही चव्वेचाळीस वर्षांचे होतात. आज त्र्याहत्तरचे आहात. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, उजवा खांदा वर जात नाही, कपाटाची किल्ली कुठं ठेवली ते आईला विचारावं लागतं. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण लिहिलं नाही तर मी तुमची लेक कसली?

आता तुमचा बेत. दुनळी बेडरूमच्या कपाटात आणि तात्यांची एकनळी हॉलमध्ये, सोफ्यामागं. "कुठल्याही खोलीत असलो तरी हाताशी एक पाहिजे," असं तुम्ही दादाला म्हणालात. मी या वाक्यावर पाच रात्री विचार केलाय. माणूस एका वेळी एकच बंदूक धरतो. तुमच्या हातात एक असेल तेव्हा दुसरी कोणाची? सोफा दारापासून चार पावलांवर आहे आणि तुमच्या पलंगापासून चौदा. दार फोडून आत येणारा तिच्याजवळ तुमच्याआधी पोचणार. ती कुलपात ठेवाल, तर कपाटातली काय नि हॉलमधली काय, किल्ली शोधायला वेळ तेवढाच लागणार. म्हणजे कुलपात असेल तर दुसरीचा उपयोग नाही आणि कुलपाबाहेर असेल तर जो पहिला पोचेल त्याची. दिवाळीच्या सुट्टीत तो पहिला पोचणारा माझा धाकटा असू शकतो. तो आता सात वर्षांचा आहे आणि सोफ्यामागं लपायला त्याला फार आवडतं.

दुसरी आईसाठी, असंही तुम्ही म्हणालात. परवाना तुमच्या नावावर आहे, बाबा, तिच्या नाही. तुम्ही भाजी आणायला खाली उतरलात आणि तिनं ती उचलली, तर ती बिनपरवान्याची बंदूक होते. आणि तिला विचारलंत का? मला ती म्हणाली, पलंगाखाली केर काढतानाही मी कपाटाकडे पाठ करत नाही. पस्तीस वर्षं ती त्या एका बंदुकीशी असंच जपून राहिलीय. दुसरीची तिला सवय लावू नका.

"छर्रे पसरतात, म्हाताऱ्या हातालाही नेम धरावा लागत नाही," हे तुम्ही तिला समजावत होतात, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. तुम्हीच आम्हाला शिकवलंय की छर्रे लांबवर गेल्यावर पसरतात. हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, चार मीटरवर, ते जेमतेम तळहाताएवढे फाकतात. नेम धरावाच लागतो, आणि चुकला तर छर्रे बाहेरच्या लाकडी फ्लश डोअरमधून पलीकडे जातात. पलीकडे लिफ्टची लॉबी आहे. तिथं संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. तीस इंची नळीची बंदूक दस्त्यासकट चार फुटांची होते आणि तुमचा पॅसेज तीन फूट रुंद. रात्री अंधारात ती वळवणार कशी? बंद खोलीत बार काढला तर कानाला बसेल तो दडा वेगळाच. आईला आधीच एका कानानं कमी ऐकू येतं.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तरी स्वसंरक्षणाचं कलम तुम्हाला ठाऊक होतं तसंच आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. सूर्यास्तानंतर घर फोडून शिरलेल्याच्या बाबतीत हक्क मोठा आहे, पण पळणाऱ्याच्या पाठीत बार घातलात तर कोर्टाच्या पायऱ्या तुम्हालाच चढायच्या आहेत, काठी टेकत. २०२४ मध्ये लोकसभेला एकदा आणि विधानसभेला एकदा, बंदूक ठाण्यात जमा करताना किती वेळ बाकावर बसून राहिलात आणि घरी येऊन दोन दिवस कंबर धरून होतात, ते आठवा. दुसरी आली की तेच सगळं दोन बंदुकांचं.

पण बाबा, मला वाटतं तुमचं खरं दुखणं वेगळंच आहे. चाळीत आपली खोली १६० चौरस फुटांची. सहा माणसं आणि एक बंदूक. दार रात्री झोपेपर्यंत उघडं. मजल्यावर वीस खोल्या, कुणाच्या घरी पाहुणा आला ते सगळ्यांना कळायचं. चोराची काय बिशाद होती? ऑगस्ट २०२५ मध्ये चाळीतल्या खोलीऐवजी टॉवरमधल्या घराची चावी मिळाली तेव्हा तुम्ही रडलात, मीही रडले. ५०० चौरस फूट, स्वतःचा संडास, बाविसावा मजला. पण आता दार लावलं की लागलं. समोरचे कोण ते तुम्हाला माहीत नाही. दिवसभर लिफ्टचा आवाज तेवढा येतो. भीती त्या बंद दारातून आली, आणि तिच्यावर तुम्ही तुम्हाला येणारं एकच औषध काढलंत. दोन माणसं आणि दोन बंदुका.

तुमच्या मजल्यावर जे येईल ते बहुतेक बेल वाजवून, हसत येईल. कुणी गॅस तपासायला, कुणी पार्सल घेऊन. नाहीतर फोनवर येईल. बी विंगमधल्या आजोबांना खोट्या पोलिसांचा "डिजिटल अरेस्ट"चा फोन आला तेव्हा घरात तोफ असती तरी काय केलं असतं त्यांनी? म्हणून मी तीन गोष्टी ठरवल्यात, पैसे दादा आणि मी निम्मे निम्मे देतोय. लोखंडी सेफ्टी डोअर, आतल्या दाराला साखळी, आणि एक घंटी जिचं बटण तुमच्या उशाशी आणि आवाज चाळीतल्या आपल्या जुन्या शेजारच्या वहिनींकडे. त्या वहिनी त्याच टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर आल्यात, तुम्हाला ठाऊकही नाही! मी त्यांच्याशी बोललेय. त्या म्हणाल्या, दार उघडं ठेवून बसायला मला पण कोणीतरी पाहिजेच आहे. पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद करतात, मग बीटवरचा शिपाई अधूनमधून येऊन विचारपूस करतो. त्या नोंदीचा अर्ज मी भरून ठेवलाय, तुमची सही हवी. पोलिसांचा ११२ आणि ज्येष्ठांच्या मदतीचा १०९० हे दोन नंबर आईच्या फोनमध्ये पहिल्या पानावर टाकलेत.

आणि तात्या. त्यांची आठवण म्हणून बंदूक हवीय, हे तुम्ही कुणाला बोलला नाहीत, पण मला कळतं. लहानपणी दोघं भाऊ शेताच्या माळ्यावर राखणीला बसायचात, रानडुक्कर आलं की तात्या हवेत बार काढायचे आणि तुम्ही डबा वाजवायचात. ती बंदूक त्या शेताची आहे. काकूंच्या थोरल्याला वारस म्हणून अर्ज करू द्या, तो शेत कसतोय आणि त्याचं वय आहे. तात्यांचा मफलर आणि बॅटरी काकूंनी तुमच्यासाठी काढून ठेवलीय, मी विचारलंय. ती बॅटरी सोफ्यामागं ठेवा. रात्री तिचा उपयोगही जास्त होईल.

दुनळी तुमचीच राहू दे. सत्तरी उलटल्यावर हयातीतच वारसाच्या नावावर करता येते म्हणतात, पण दादाला ती नकोय आणि मलाही. पुढच्या वर्षी नूतनीकरणाची तारीख आली की आपण तिघं बसून ठरवू. तोवर ती स्टीलच्या कपाटात कुलपात, काडतुसं दुसऱ्या कपाटात दुसऱ्या कुलपात, आणि एक किल्ली आईच्या कमरेला.

येत्या रविवारी सकाळी मी एकटीच येतेय, पोरांना आणत नाही. आई, चिकनबिकनचा घाट घालू नकोस, पिठलं-भाकरी कर. बाबा, कपाट उघडाल तेव्हा मला हाक मारा. बंदूक मोडून ट्यूबलाइटकडे धरा. दोन्हीतून दिवा दिसतो का, ते मी बघते.

तुमची,
लेक