त्या सिस्टरांचे आणि कंडक्टरदादांचे आभार

माकडहाडाजवळची गाठ पिकली, तरी लाजेपोटी चार महिने कुणाला दाखवली नाही. निघाला पायलोनायडल सायनस : केस कातडीत शिरून आत पोकळी होते. ऑपरेशनमध्ये ती कापून काढली, पण टाके न घालता जखम उघडीच ठेवली, तळापासून भरत वर यावी म्हणून. म्हणजे रोज ड्रेसिंग.

पहिल्या दिवशी चिकटलेलं गॉज घाईत ओढलं गेलं आणि मी किंचाळलो. दुसऱ्या दिवसापासून त्या सिस्टर आल्या. आधी पडदा टोकापर्यंत ओढायच्या. (त्या जागेच्या दुखण्यात पडद्याची किंमत कळते.) मग सलाइन ओतून गॉज भिजत ठेवायच्या आणि विचारायच्या, "चवथीक माटोळी कोण बांदता रे तुमगेर?" मी गणपतीवर टांगायच्या त्या फळा-पानांच्या चौकटीतलं सगळं, सुपारीपासून कांगल्यांसारख्या रानफळांपर्यंत, सांगत सुटायचो, तोवर गॉज बाहेर! जखमेच्या कडेचे केसही त्याच भादरायच्या.

पेडणे-म्हापसा बसमध्ये मला बसता येत नसे. लोक जागा द्यायचे, तेव्हा कंडक्टरदादा म्हणायचे, "ताका उबोच रावूं दी." कारण कधीच विचारलं नाही.

यंदा आरतीनंतर पाटावर मांडी घालून जेवलो. सिस्टर, नेवऱ्या राखून ठेवल्यात.