प्रात्यक्षिकाच्या प्रश्नपत्रिकेवर कंपायलरचे नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरजेपासून कराड-साताऱ्यापर्यंत अनेक प्रयोगशाळांत ‘सी’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा आजही टर्बो या डॉसच्या काळातल्या कंपायलरच्या निळ्या पडद्यावर शिकवली जाते. घरी मात्र मुलांच्या लॅपटॉपवर जीसीसी असते, मोबाइलवरच्या ॲपमध्ये क्लँग असते. भाषा एकच, पण ती राबवणारे कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारी सॉफ्टवेअर, वेगवेगळे. त्यामुळे घरी बरोबर चाललेला प्रोग्रॅम परीक्षेत चुकतो, कधी उलटेही होते, आणि मुलगा म्हणतो, “सर, कंपायलर बिघडलाय.” कंपायलर बिघडलेला नसतो.

सांगलीचा पिनकोड घ्या. इंट (पूर्णांक) प्रकारच्या चलात 416416 ठेवून छापला, तर जीसीसीवर 416416 च दिसतो. टर्बोवर 23200 दिसतो. टर्बोमध्ये इंट 16 बिटांचा असतो, म्हणजे उणे 32768 ते 32767 एवढेच त्यात मावते. 416416 मधून 65536 सहा वेळा वजा केले की 23200 उरतात, तेच पडद्यावर येतात. टर्बो इथे नियम मोडत नाही. सी च्या मानकाने इंटला किमान 16 बिटांचीच हमी दिली आहे, त्याहून जास्त देणे कंपायलरच्या मर्जीवर आहे.

खरी गंमत पुढे आहे. हळदीच्या सौद्याचे बिल काढायचे आहे असे समजा: माल 25 क्विंटल, दर 14000 रुपये, दोन्ही इंट. एकूण रकमेसाठी इंटपेक्षा मोठा लाँग घेतला, गुणाकार केला आणि छापणाऱ्या प्रिंटएफमध्ये सवयीने पर्सेंट डी (इंट छापण्याची खूण) लिहिले. उत्तर 350000 यायला हवे. टर्बो 22320 दाखवतो. इथे चुका दोन आहेत. पहिली: दोन इंटांचा गुणाकार इंटमध्येच होतो. डावीकडे लाँग आहे म्हणून तो आपोआप मोठा होत नाही. दुसरी: पर्सेंट डी लाँगचे खालचे 16 बिटच वाचतो. आता मुलाने पर्सेंट डी चे पर्सेंट एलडी (लाँगची खूण) केले, तरी उत्तर 22320. ते पूर्ववत ठेवून गुणाकारात लाँगचे कास्ट (प्रकार बदलण्याची सूचना) घातले, तरी 22320. दोन्ही बदल एकत्र केल्याशिवाय आकडा हलतच नाही. “एका वेळी एकच बदल करून बघ, फरक पडला नाही तर मागे घे” हा एरवीचा शहाणा सल्ला इथे मुलाला गोल गोल फिरवतो. आणि 64 बिटांच्या लिनक्सवर हाच चुकीचा प्रोग्रॅम गुपचूप 350000 छापतो. म्हणजे तिथे चूक झाकली जाते. वॉर्निंग चालू केल्या (डॅश वॉल), तर जीसीसी सांगते की पर्सेंट डी ला इंट हवा होता, दिला लाँग. गुणाकाराबद्दल मात्र तीही गप्प राहते, कारण 32 बिटांत तो मावतो.

जीसीसीला मर्यादा नाही असेही नाही. फॅक्टोरियल (1 पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार) इंटमध्ये काढले तर टर्बो 8 ला अडखळतो आणि उणे 25216 दाखवतो. चिन्हच उणे असल्याने चूक लगेच डोळ्यांत भरते. जीसीसी 12 पर्यंत जाते आणि 13 ला सहसा 1932053504 दाखवते. धनच संख्या, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. हा जास्त वाईट प्रकार.

टर्बोवरचा प्रोग्रॅम आजच्या कंपायलरवर आणायचा तर आधी वरवरच्या गोष्टी उरकाव्यात. वॉइड मेनचे इंट मेन करा. पडदा पुसणारे क्लिअर-स्क्रीन आणि कळ दाबेपर्यंत थांबवणारे शेवटचे गेटसीएच काढून टाका. त्यांची कोनियो ही हेडर फाइल लिनक्सवर नाहीच; मिनजीडब्ल्यूत (जीसीसीच्या विंडोजवरच्या रूपात) आहे, गेटसीएचही चालते, पण क्लिअर-स्क्रीन नाही, म्हणून मुले अर्ध्यातच अडकतात. सी प्लस प्लस असेल तर आयओस्ट्रीमपुढचे ‘डॉट एच’ काढून नेमस्पेसची ओळ घाला. या भाषेचे पहिले मानक 1998 चे, टर्बो त्याच्या आधीचा. वाचायचा अक्षर-चल एन्टरच गिळत असेल, तर स्कॅनएफमध्ये पर्सेंट सी च्या आधी एक मोकळी जागा सोडा. एफफ्लश करून कीबोर्डचे बफर रिकामे करण्याची युक्ती मानकात नाही, लिनक्सवर तिच्यावर विसंबू नये.

एवढे करून प्रोग्रॅम चालला म्हणजे तो बरोबर झाला असे मानू नका. डॉसमध्ये प्रोग्रॅमने ॲरेच्या हद्दीबाहेर लिहिले तरी अडवणारे कुणी नसते. शेजारच्या चलाची किंमत बदलते आणि काम पुढे चालू राहते. फार तर प्रोग्रॅम संपताना ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ एवढे दिसते. तोच प्रोग्रॅम लिनक्सवर सेगमेंटेशन फॉल्ट (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) देऊन पडू शकतो. मुले म्हणतात, टर्बो चांगला होता. चूक तिथेही होतीच, फक्त बोंब मारणारे कुणी नव्हते. लिनक्सवर जीसीसीला ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड हे दोन सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना चुका पकडणारे तपासनीस) लावून आणि डीबगची माहिती ठेवून (डॅश जी) कंपाइल करा. हद्द ओलांडलेली ओळ, इंट भरून वाहिलेली ओळ, दोन्ही क्रमांकासह छापल्या जातात. मग तोच प्रोग्रॅम एकदा ऑप्टिमायझेशनशिवाय (वेगासाठी कंपायलरने केलेल्या बदलांशिवाय) आणि एकदा डॅश ओ-टू लावून चालवा. उत्तरे वेगळी आली, तर आधी सुरुवातीची किंमत न दिलेला चल शोधा. बहुतेकदा तोच सापडतो.

प्रोजेक्टसाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. साध्या लॅपटॉपवर कॅर (अक्षराचा प्रकार) चिन्हासह असतो, म्हणजे उणे किमतीही घेतो, पायच्या लिनक्सवर चिन्हाविना. एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटकॅरचे उत्तर कॅरमध्ये ठेवून ईओएफशी (मजकूर संपल्याची उणे खूण) तुलना करणारा लूप तिथे संपतच नाही. तो चल इंट घ्यावा.

आता परीक्षेबद्दल. “आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय, उत्तर सांगा” हा प्रश्न तोंडी परीक्षेत अजून विचारला जातो. त्याला उत्तरच नाही. एकाच अभिव्यक्तीत एक चल दोनदा बदलला तर काय व्हावे, हे सी चे मानक मुद्दाम मोकळे सोडते. प्रिंटएफच्या कंसात दोन फंक्शन बोलावली तर आधी कुठले चालेल, हेही ठरलेले नाही: टर्बो उजवीकडून सुरू करतो, क्लँग डावीकडून. एका कंपायलरवर पाहिलेला आकडा उत्तर म्हणून पाठ करायला लावणे आणि दुसरा सांगणाऱ्याचे गुण कापणे हा सरळ अन्याय आहे. “हे निश्चित नाही” असे सांगणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळायला हवेत.

टर्बो न सोडण्याचे एक कारण आम्हाला मान्य आहे: ग्राफिक्सचे प्रात्यक्षिक. टर्बोमध्ये चित्रे काढायला लागणारे इनिटग्राफ आणि बीजीआयच्या फाइल जीसीसीबरोबर येत नाहीत, आणि 64 बिटांचे विंडोज 16 बिटांचे प्रोग्रॅम चालवतच नाही, म्हणून डॉसचा आभास देणारा डॉसबॉक्स येतो. पण रेषेचा आणि वर्तुळाचा अल्गोरिदम शिकवायला पडदा लागत नाही. बिंदूंचा द्विमितीय ॲरे भरायचा आणि तो पीपीएम या साध्या मजकुरी चित्रफाइलीत लिहायचा. वीसेक ओळींत होते, आणि फाइल अनेक चित्रदर्शकांत उघडते.

अभ्यासक्रम मंडळाकडे आमची मागणी एवढीच: प्रात्यक्षिकाच्या प्रश्नपत्रिकेवर कंपायलर, त्याची आवृत्ती आणि इंट किती बिटांचा धरायचा हे छापावे. प्रत्येक ‘आउटपुट सांगा’ प्रश्न छपाईआधी जीसीसी आणि क्लँग या दोन्हींवर, सर्व वॉर्निंग चालू ठेवून, तपासावा. उत्तरे जुळली नाहीत किंवा वॉर्निंग आली, तर तो प्रश्न वगळावा.

आपले,
काही संगणक शिक्षक,
विश्रामबाग, सांगली